बार्शी रोड ते कुर्डुवाडी : एका जंक्शनाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, मुंबईहून सोलापूरमार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कुर्डुवाडी जंक्शन आहे. मुख्य मार्गाला येथे दोन फाटे फुटतात. एक बार्शी, धाराशिवमार्गे लातूरला जातो, दुसरा पंढरपूर, सांगोलामार्गे मिरजेला. आज हे तालुक्यातील मोठे व्यापारी गाव आहे. पण स्टेशन झाले तेव्हा त्याच्या पाटीवर कुर्डुवाडीचे नावही नव्हते. कुर्डू गावाची एक वाडी एवढीच या वस्तीची ओळख होती, आणि वीस मैलांहून अधिक दूर असलेल्या बार्शीच्या नावाने स्टेशनला ‘बार्शी रोड’ म्हणत.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने पुण्याच्या पुढे आग्नेयेकडे रूळ टाकले ते टप्प्याटप्प्याने. १८५८ मध्ये गाडी भीमेकाठच्या डिकसळला पोहोचली, १८५९ च्या ऑक्टोबरात बार्शी रोडला आणि १८६० मध्ये सोलापूरला. बालाघाटाच्या पायथ्याची बार्शी पेठ या मार्गापासून बाजूला पडली. बार्शीत कापूस, जवस, करडई, ज्वारी यांची मोठी उलाढाल होती आणि निजामाच्या मुलखातील लातूर, धाराशिव भागाचा मालही तिथे उतरत असे. एवढ्या पेठेला रेल्वेशी जोडणारे ठिकाण म्हणून माळरानावरच्या या स्टेशनला महत्त्व आले.

सुरुवातीची काही वर्षे इथून निघालेला माल सलग मुंबईला जात नव्हता. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. तोवर खंडाळ्याला उतरवलेला माल घाटाखाली नेऊन पुन्हा गाडीत भरावा लागे. घाट खुला झाला तो नेमका अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ होता. तिकडचा कापूस बंद पडल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर अवलंबून होत्या आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता. दख्खनच्या काळ्या रानातला कापूस बंदरापर्यंत पोहोचवणाऱ्या स्टेशनांपैकी बार्शी रोड हे एक होते. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा याच रुळांवरून धान्याची आयात झाली. रूळ संपत होते तिथून पुढे मात्र सारा भार बैलगाडीवरच होता. दुष्काळात चारापाण्यावाचून बैल मरत, त्यामुळे नेमकी गरज असते तेव्हाच गाडीवाट बंद पडे. रेल्वे स्टेशनापर्यंत आणि भूक त्याच्या पलीकडे, अशी ही अवस्था होती. फाट्याच्या रेल्वेची निकड समजायला एवढे पुरेसे आहे.

एरवीच्या वर्षांतही बार्शी ते बार्शी रोड हा प्रवास सोपा नव्हता. सुगीनंतर मालाने भरलेल्या गाड्यांची रांग लागे. काळी जमीन पावसात भिजली की चाके रुतत, आणि हुंडेकऱ्यांचे दर वाटेच्या अवस्थेप्रमाणे चढत. १८९१ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी भागीदारांसह लातूरला सरकी काढण्याचा कारखाना काढला. त्या काळी लातूरच्या कापसाला रेल्वे गाठायची तर बालाघाट उतरून बार्शीवरून असेच यावे लागे.

बार्शीला रेल्वे नेण्याची कल्पना तडीस नेली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. तो १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मोठ्या रेल्वेला माल आणून देणारे स्वस्त, हलके फाटे हा त्याच्या ध्यासाचा विषय होता. सरकारशी बोलणी अनेक वर्षे रेंगाळली. अखेर १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. कंपनी लंडनची, भांडवल बहुतांशी इंग्रज आणि अभियंता स्वतः कॅलथ्रॉप, अशी तिची रचना होती.

मुख्य मार्गावरचे दोन रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर असतात. कॅलथ्रॉपने अडीच फूट अंतर निवडले. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, वळणे तीव्र घेता येतात, त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो आणि पूलही हलके बांधता येतात. पण त्याचे खरे कौशल्य वजनाच्या हिशेबात होते. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हा नियम त्याने सगळ्या गाड्यांना सारखा लावला. त्यामुळे दर यार्ड लांबीला अवघे ३० पौंड वजन असलेले रूळ पुरले. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाके होती आणि मागे आणखी चार. एवढ्या चाकांवर वजन वाटले गेल्याने ताकदवान इंजिनही हलक्या रुळांवर निर्धास्त धावे. वाघिणींच्या चौकटी दाबून घडवलेल्या पोलादाच्या होत्या, म्हणजे स्वतःचे वजन कमी आणि मालाला वाव जास्त. हा सरंजाम हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून दाखवण्यात आला. हलकी रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे, असे मानणाऱ्या जाणकारांना ते चोख उत्तर होते. पुढे याच धर्तीवर कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. बार्शीची रेल्वे तिच्या आधी सुरू झाली आणि तिच्यानंतर कितीतरी दशके धावत राहिली.

बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ च्या मार्चमध्ये खुला झाला. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ होती आणि सोलापूर जिल्ह्यात पुन्हा दुष्काळ. अशा वर्षी ही गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूने पंढरपूरचा फाटा झाला. पूर्वेचा मार्ग १९०७ मध्ये बार्शीच्या पुढे सरकला आणि येडशीजवळ बालाघाट चढून १९११ मध्ये लातूरला पोहोचला. १९२७ मध्ये पंढरपूरपासून मिरजेपर्यंत रूळ गेले, तेव्हा बार्शी लाइटचा पल्ला २०२ मैल म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाला. एका पेठेसाठी काढलेला फाटा आता निजामाच्या मराठवाड्यापासून दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांपर्यंत पोहोचला होता, आणि त्याच्या मध्यावर कुर्डुवाडी होती.

गावाची वाढ झाली ती दोन रुळांच्या मापांतल्या फरकामुळे. अरुंद रुळावरची वाघीण रुंद रुळावर जाऊ शकत नाही, म्हणून लातूर-बार्शीहून आलेले प्रत्येक पोते इथे उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावे लागे, आणि मुंबईहून आलेले मीठ, कापड, रॉकेल, लोखंड उलट्या दिशेने. मालधक्क्याच्या एका अंगाला छोटी वाघीण आणि दुसऱ्या अंगाला मोठी. हमालाने हातातली आकडी पोत्यात रोवायची, पाठीवर घ्यायचे आणि पलीकडे थप्पी लावायची. कापसाच्या गाठीला चार-चार माणसे लागत. मुकादम मोजदाद ठेवी, फुटलेल्या पोत्यांचा वेगळा हिशेब होई, आणि बिल्टीवरचा आकडा जुळला नाही तर वाद होई. या कामाने शेकडो कुटुंबांचा संसार चालला. हमालांमागे चहा-भाकरीची दुकाने आली, व्यापाऱ्यांमागे अडती आणि गोदामे, रेल्वे नोकरांमागे चाळी. कंपनीने इंजिने आणि डबे दुरुस्त करण्याचा कारखानाही इथेच काढला, त्यामुळे लोहार, सुतार, फिटर, बॉयलरवर काम करणारे असा कसबी वर्ग माढा तालुक्याच्या या कोपऱ्यात येऊन स्थिरावला. त्यांची पुढची पिढी शिकून रेल्वेतच लागली. रेल्वे हा कुर्डुवाडीत पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय झाला तो असा. स्टेशनचे बार्शी रोड हे नाव मागे पडून कुर्डुवाडी हे नाव रूढ झाले.

पंढरपूरच्या फाट्याने स्टेशनला निराळीच वर्दळ आणून दिली. १९०६ पूर्वी रेल्वेने येणारे वारकरी बार्शी रोडला उतरून पुढचे पन्नासएक किलोमीटर बैलगाडीने किंवा पायी जात. फाटा झाल्यावर आषाढी आणि कार्तिकीला मुख्य मार्गावरच्या गाड्यांतून उतरलेली हजारो माणसे फलाटावर छोट्या गाडीची वाट पाहत बसत. पताका, टाळ-मृदंग, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, शिदोरीची गाठोडी यांनी स्टेशनचा परिसर भरून जाई. यात्रेच्या दिवसांत मालाच्या वाघिणींतूनही माणसे नेण्याची रीत तेव्हा हिंदुस्थानातील अनेक रेल्वेंवर होती, आणि यात्रेकरूंना जनावरांसारखे कोंबतात ही तक्रारही तितकीच जुनी आहे. पटकीच्या साथीची भीती असल्याने यात्रेच्या गर्दीवर सरकारी आरोग्य खात्याचे लक्ष असे. दिंडीबरोबर पायी जाणाऱ्यांची परंपरा रेल्वेने मोडली नाही. ज्यांना वीस दिवसांची वाटचाल शेतीमुळे, वयामुळे किंवा पोटापाण्यामुळे जमत नव्हती, त्यांना मात्र वारी आवाक्यात आली. हे श्रेय छोट्या गाडीला द्यायलाच हवे.

स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. मालकी बदलली तरी रूळ तेच राहिले. वाफेच्या इंजिनांची जागा डिझेलने घेतली. वेग फारसा वाढला नाही. रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोहोचली, ट्रक थेट अडतीच्या दारात उभा राहू लागला. दोनदा हमाली भरून वेळ घालवण्यापेक्षा व्यापाऱ्याला ट्रक परवडू लागला. ज्या मापफरकाने गाव उभे केले, त्यानेच रेल्वेचा माल हळूहळू कमी केला.

रुंदीकरणाची मागणी अनेक दशके होत राहिली. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभी ब्रॉडगेज झाला. लातूरच्या बाजूचे काम २००८ पर्यंत पुरे झाले, आणि त्यानंतर पंढरपूर-मिरज टप्पा. लातूर मार्गाची आखणी बदलून तो धाराशिव शहराजवळून नेण्यात आला. जुनी छोटी गाडी येडशीवरून परस्पर जात असल्याने जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण शतकभर रेल्वेपासून वंचित राहिले होते. रुंदीकरणानंतर कुर्डुवाडीच्या धक्क्यावरची चढउतार संपली. छोट्या इंजिनांसाठी काढलेला कारखाना मात्र बंद झाला नाही, त्याला ब्रॉडगेजची कामे देण्यात आली.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचे पाणी आटले, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी नेण्यात आले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली आणि पावसाळ्यापर्यंत खेपा चालू राहिल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा ३४२ किलोमीटरचा मार्ग म्हणजे जवळजवळ संपूर्ण बार्शी लाइट होती. रुळांचे माप एक झाले नसते तर हे पाणी लातूरपर्यंत या पद्धतीने पोहोचलेच नसते. चार वर्षांनी, २८ डिसेंबर २०२० रोजी, देशातील शंभरावी किसान रेल्वे याच जुन्या फाट्यावरील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. डाळिंबाच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या दुष्काळी तालुक्याला वाघीण न बदलता थेट पूर्व भारताची बाजारपेठ गाठता आली.