७. बसलेले माकड
लेखकाचा रोख माकडतापाकडे आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात प्रथम ओळखला गेलेला व गोचिडीच्या दंशाने पसरणारा हा विषाणुजन्य ज्वर २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी महालात आणि पुढल्याच वर्षी पेडणे-डिचोलीच्या सरहद्दीला भिडलेल्या दोडामार्गात आढळला. कळप सोडून झाडाखाली मलूल बसलेले, माणूस हाताच्या अंतरावर आला तरी फांदी न गाठणारे वानर वा लाल तोंडाचे माकड हे त्याचे दृश्य लक्षण होय. अर्थात अशी ग्लानी इतर व्याधींतही येते, तेव्हा प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून निदान करणे उतावीळपणाचे. माकड मरताच गोचिडी थंड कलेवर सोडून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात, आणि काजू वेचणारी माणसे नेमकी त्याच दिवसांत तेथे वावरतात. म्हणून कलेवरास हात न लावता वनखात्यास वर्दी द्यावयाची असते.