दुभाष्या संत गोन्सालो

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे नाव घेतले की नागासाकीच्या टेकडीवरील क्रूस डोळ्यांपुढे उभा राहतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या मेळ्यात त्यांनी प्राणार्पण केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत. त्यांच्या मरणाची कथा आपण भक्तिभावाने सांगतो. परंतु त्या मरणाआधीची पंचवीस वर्षे त्यांनी परमुलखात कशी काढली, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जालन्यातील कुटुंबांनी तर ती वर्षे आवर्जून पाहावीत, कारण पोटासाठी गाव सोडणे आपल्याला नवे नाही.

गोन्सालोंचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी त्यांना शिकवले आणि १५७२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, हा मुलगा त्यांच्यासोबत जपानला पोहोचला.

जपानमध्ये सुवार्तेचा प्रवेश होऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती, आणि त्या प्रवेशाची वाट गोव्यावरून गेली होती. अंजिरो नावाचा एक जपानी मनुष्य संत फ्रान्सिस झेवियर ह्यांना मलाक्का येथे भेटला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्याच साहाय्याने झेवियर १५४९ मध्ये कागोशिमा बंदरात उतरले. पण पहिल्याच पावलाला भाषेची ठेच लागली. ‘परमेश्वर’ ह्या अर्थी अंजिरोने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला होता. तो एका बौद्ध पंथातील विश्वव्यापी बुद्धाचे नाव आहे, हे झेवियर ह्यांना पुढे उमगले आणि त्यांनी तो शब्द सोडून ‘देउस’ हा लॅटिन शब्दच स्वीकारला. परक्या देशात सद्‌हेतू पुरेसा नसतो. समोरच्या माणसाच्या मनात आपल्या शब्दाचा कोणता अर्थ उमटतो, हे कळावे लागते, आणि ते कळायला त्या माणसांत राहावे लागते.

गोन्सालो राहिले. सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम करताना त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. तेव्हा ते व्यापाराकडे वळले, मकाव बंदरात त्यांनी जम बसवला आणि पूर्वेकडील बंदरांतून प्रवास केला. व्यापारातल्या ह्या वर्षांना कोणी वाया गेलेली वर्षे समजू नये. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण ज्या गावाच्या बाजारपेठेने मिळवली, त्या गावात हे समजावून सांगण्याची गरज नाही. मराठी, उर्दू, मारवाडी एकाच सौद्यात ऐकू येणाऱ्या आपल्या मोंढ्यात माणूस भाषेबरोबर माणसाची पारखही शिकतो. गोन्सालोंची जपानीही बाजारात अशीच मुरली असावी.

पुढे ते फिलिपिन्समधील मनिला येथे गेले आणि व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात प्रापंचिक बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपद त्यांना नव्हते. परंतु त्यांच्याजवळ जे होते त्याची निकड लवकरच भासली. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याने फिलिपिन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे अशी मागणी केली होती. १५८७ मध्ये त्यानेच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिलेला होता. अशा माणसाशी बोलणी करण्यासाठी १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना वकील म्हणून पाठवले. त्यांचे दुभाषी होते ब्रदर गोन्सालो. एक शब्द उणा-अधिक झाला तर कोणाच्या मानेवर सुरी येईल, हे सांगता येत नव्हते. हिदेयोशीने ह्या फ्रान्सिस्कनांना राहू दिले. क्योतो येथे त्यांचे मंदिर आणि मठ उभा राहिला, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये निघाली. रुग्णाची व्यथा ऐकायची तर त्याची बोली हवी, आणि ती गोन्सालोंजवळ होती.

त्याच काळात एक उलटा प्रवास घडत होता. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. वसईचा मुलगा जपानी झाला आणि इंग्लंडचा मुलगा मराठी झाला! आपल्या मराठवाड्याचेही तसेच आहे. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी घोगरगावच्या परिसरात सेवाकार्य केले, ते गावकऱ्यांची मराठी आपलीशी करूनच.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य येते, अशा अर्थाचे काही जहाजावरील सुकाणूधारक बोलला, असे सांगतात. त्याच्या खरेपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हिदेयोशीचा संशय मात्र भडकला. अटक झाली, क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. त्या सव्विसांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आपले गोन्सालो. ज्यांच्यासाठी ते बोलत आले होते, त्यांच्याच शेजारी त्यांचा क्रूस उभा राहिला.

नंतरच्या छळात जपानमध्ये धर्मगुरू उरले नाहीत. तरी १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा मंदिरात काही गावकरी फादर पेतिज्याँ ह्यांच्याकडे आले आणि आपण ख्रिस्ती असल्याचे त्यांनी सांगितले. सात पिढ्यांहून अधिक काळ प्रापंचिकांनीच, स्वतःच्या भाषेत, श्रद्धा जपली होती.

फेब्रुवारीत संत गोन्सालोंचा सण येतो, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत, काही कर्नाटकातही, गेलेली असतात. त्याच वेळी जालन्याच्या पोलाद कारखान्यांत परप्रांतांतून आलेले कामगार भट्टीपुढे उभे असतात. गेलेल्यांची मुले ज्या फडावर आहेत तेथील धर्मग्रामाला आपण कळवले पाहिजे. आलेल्यांपैकी कोणी आजारी पडला तर डॉक्टरांपुढे त्याच्यासाठी बोलणारा कोणीतरी आपल्यातून निघाला पाहिजे. हिंदी बरी बोलणारे तरुण आपल्या घराघरांत आहेत. ह्या सणाच्या रविवारी त्यांतील दोघा-तिघांनी पुढे यावे. गोन्सालोंनी जपानमध्ये आरंभी केले ते ह्याहून फार वेगळे नव्हते.