ऐकणाऱ्यांची बैठक

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड महाराष्ट्राला ठाऊक आहे ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. याच गावात दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरं आहेत, आणि त्यांच्या भंडारांत शेकडो वर्षं हस्तलिखितं जपली गेली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि इथल्या अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचं लक्ष गेलं. १९३१ साली प. ल. वैद्य यांनी संपादित केलेलं अपभ्रंश कवी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ कारंज्याच्या अंबादास चवरे ग्रंथमालेत छापून आलं. पाठोपाठ अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले हिरालाल जैन (हे वेगळे) यांनी ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’ आणि ‘करकंडचरिउ’ १९३४पर्यंत अभ्यासकांच्या हाती दिले. मराठीच्या आधीची लोकभाषा कशी होती हे समजायला ज्यांचा आधार घ्यावा लागतो, त्या ग्रंथांत यांची गणना होते.

हे ग्रंथ कुणा राजाच्या आश्रयाने टिकले नाहीत. व्यापारी गृहस्थांनी आणि श्राविकांनी स्वतःच्या खर्चाने पोथ्या लिहवून घेतल्या आणि मुनींना, आर्यिकांना, मंदिरांना दिल्या. शास्त्रदान हे आहारदानाइतकंच पुण्याचं मानलं जाई. अशा पोथ्यांच्या शेवटी अनेकदा कुणी लिहवून घेतली, कुणाला दिली, ते नोंदलेलं असतं. मला या नोंदी मूळ ग्रंथाइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण वाचणारा आणि वाचनाचा खर्च उचलणारा एकमेकांना ओळखत होते हे त्यांतून दिसतं. पोथी कपाटात ठेवण्यासाठी नव्हती. चातुर्मासात शास्त्रसभेत एकजण वाचायचा, अर्थ सांगायचा, बाकीचे ऐकायचे आणि शंका विचारायचे. वऱ्हाडातल्या गावोगावच्या देवळांत पोथी लावण्याची रीतही हीच. दिवसभर वखर हाकून आलेला माणूस अक्षरओळख नसतानाही तिथे बसायचा, आणि हे एक-दोन वर्षं नव्हे, जन्मभर चालायचं. आज ज्याला आजीवन शिक्षण म्हणतात, त्याची प्रौढांसाठीची व्यवस्था या भागात होती. ती उभी होती ठरलेल्या वेळेवर, ठरलेल्या जागेवर आणि आज का आला नाहीस असं विचारणाऱ्या शेजाऱ्यावर. मोबाइलवर शिकवू पाहणाऱ्यांनी नेमकं हेच सोडून दिलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप जड आहे. ती बैठक सगळ्यांची नव्हती. भंडारांच्या किल्ल्या मोजक्या हातांत होत्या. गावच्या देवळातली पोथी अस्पृश्य मानलेल्यांनी बाहेरून ऐकायची, तीही ऐकू दिली तर. गुरुचरित्राचं पारायण बाईने करू नये, असं कित्येक घरांत आजही सांगितलं जातं. हा अन्याय झाकून परंपरेचा गौरव करता येत नाही. छापखान्याने पहिल्यांदा हा दरवाजा उघडला. कारंज्याची पोथी छापली गेली आणि ती कुणालाही विकत घेता येऊ लागली. मोबाइल तो दरवाजा आणखी उघडतो, आणि जिला सभेत बसू दिलं नसतं तिला तो घरात बसून ऐकू देतो. पण दार उघडणं वेगळं आणि माणसाने रोज आत येणं वेगळं. बैठकीत जे चुकीचं होतं ते तिचं बंद असणं. तिचं एकत्र बसणं नव्हे.

हे नुसतं मत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळातले लोक एकत्र ऐकत, नंतर चर्चा करत आणि काय करायचं ते ठरवत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचं मूल्यमापन केलं तेव्हा ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, अशी गावंही तुलनेला घेतली होती. ज्ञानात खरी भर पडली ती मंडळांच्या गावांत, आणि तिथे निरक्षर सभासदही मागे राहिले नाहीत. यंत्र दोन्हीकडे होतं, फरक पडला तो बैठकीमुळे. १९५९मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेनेही साक्षरता ही साऱ्या गावाची गोष्ट केली. तिला १९७२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिची दुखरी बाजू नंतर दिसली: समारंभ झाला, पुढे वाचायला काही उरलं नाही, आणि अनेकांची अक्षरं पुन्हा पुसली गेली.

आता आजच्या योजनांकडे पाहावं. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम २०१८मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्याच सुमारास देशभर ग्रामीण डिजिटल साक्षरतेचं प्रशिक्षण सुरू होतं: वीस तासांचा अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. २०२४च्या मार्चपर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांनी हे प्रशिक्षण घेतलं. आकडा मोठा आहे आणि ते काम गरजेचं होतं. पण एकविसाव्या तासाला कुणी बोलावत नाही. त्यावर कुणी म्हणेल, मोबाइलचा फायदाच हा की ज्याने त्याने आपल्या सवडीने शिकावं; सोयाबीन काढणीच्या दिवसांत बैठकीला येणार कोण? सवडीची गोष्ट खरी, म्हणून मजकूर फोनवर असावाच. परंतु कष्टकरी माणसाला सवड आपोआप मिळत नाही. कुणीतरी वाट पाहत असेल तरच तो ती काढतो, आणि पोथी ऐकणाऱ्याने ती काढली होती.

यासाठी नवी योजना लागत नाही. १९६७च्या कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं गावोगाव आहेत. मानोरा, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कुठल्याही तालुक्यातल्या एका ग्रंथालयाने आठवड्यातला एक वार ठरवावा, एक मोठा पडदा लावावा, पिकावरची कीड असो की कायद्याची माहिती, सगळ्यांनी मिळून ऐकावी आणि त्यावर बोलावं. बाया आणि तांड्यावरची माणसं पहिल्या ओळीत बसतील, एवढं मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं.