छपरातले जुने खिळे

अमेरिकेत जुन्या घराचं छप्पर उतरवताना निघालेले खिळे आधी नीट बघावेत, मग कचऱ्यात टाकावेत. गोल दांडीचा खिळा तारेपासून केलेला, बहुधा १८९० नंतरचा. चौकोनी आणि दोनच बाजूंनी निमुळता असेल, तर यंत्राने पत्र्यातून कापलेला. (हा थोडा उचकटला की लगेच सैल पडतो!) आणि चारही बाजूंनी निमुळता, डोक्यावर हातोडीच्या खुणा? तो लोहाराने एकेक करून घडवलेला.

हा शेवटचा इतका महाग होता, की जागा सोडून जाणारे मळेवाले खिळ्यांसाठी राहतं घर जाळत आणि राखेतून खिळे वेचून नेत. शेवटी १६४५ साली व्हर्जिनियात कायदा करावा लागला: घर जाळू नका, त्यात किती खिळे लागले असतील ते दोन त्रयस्थ माणसं ठरवतील, तेवढे मालकाला मिळतील.

पण घडवत कोण होतं? थॉमस जेफरसनने १७९४ मध्ये माँटिसेलोला खिळ्यांचा कारखाना काढला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा तोच हा, बरं का. तिथे दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं दिवसभर हातोडी चालवत, आणि कोणत्या मुलाने किती लोखंड वाया घालवलं याचा हिशोब जेफरसन स्वतःच्या वहीत मांडून ठेवी.