खडू आणि कोयनेचे धरण

पोफळीला सह्याद्रीच्या पोटात कोयनेचे भूमिगत वीजगृह आहे. त्याला पाणी देणारे 103 मीटर उंचीचे धरण घाटमाथ्यावर, सातारा जिल्ह्यात आहे. ते काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवून बांधलेले आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरण टिकले; पण वरच्या भागात, जिथे त्याचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या.

असे का झाले? खडू टेबलावर उभा धरून दाबा. तो सहसा टिकतो. वाकवला तर चटकन तुटतो, कारण वाकवताना त्याची एक बाजू ताणली जाते. काँक्रीटही दाब भरपूर सोसते, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच. एरवी स्वतःच्या वजनाने दाबलेले धरण भूकंपात पुढेमागे हलले आणि त्यावर ताण आला. नंतर भेगा बुजवल्या, पोलादी तारांनी वरचा भाग आवळला, मागून आधारभिंती बांधल्या.

‘दगड मजबूत असतो’ असे वर्गात सांगताना आपण एवढे विचारू या : दाबाला की ताणाला?