सोमल, बडोदा आणि केमिस्ट्रीची पदवी

ठाण्याच्या बांदोडकर, कल्याणच्या बिर्ला किंवा डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयातून केमिस्ट्री घेऊन मुलं बाहेर पडतात, तेव्हा घरात एकच प्रश्न असतो : पुढे काय? एमआयडीसीत नोकरी, की औषध कंपनी? ‘फॉरेन्सिक’ म्हटलं की टीव्हीवरचे डॉ. साळुंखे आठवतात आणि ते आपलं क्षेत्र नाही असं वाटतं. इतिहास मात्र उलटं सांगतो.

आपल्याकडे हे शास्त्र रसायनशाळेतच जन्मलं. मद्रासला १८४९, कलकत्त्याला १८५३, आग्र्याला १८६४ आणि मुंबईला १८७० साली सरकारी रासायनिक प्रयोगशाळा निघाल्या. कारण होतं विष. त्यातही सोमल, म्हणजे आर्सेनिक. त्याला ना वास, ना ठळक चव. १८३६ मध्ये इंग्लंडच्या जेम्स मार्शने त्याची खात्रीची कसोटी प्रसिद्ध केली : जस्त आणि आम्ल घालायचं, निघालेला वायू काचेच्या नळीत तापवायचा; सोमल असेल तर नळीत काळा चकचकीत थर धरतो.

आज आम्ही एकच खटला घेतो. ९ नोव्हेंबर १८७४, बडोदा. रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-चार घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला. तो डॉ. सीवर्ड यांनी तपासला आणि मग मुंबईला सरकारी रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. गाळात सोमल निघाला. आळ आला खुद्द मल्हारराव गायकवाडांवर.

आता गंमत पाहा. चौकशी आयोगात सहा जण होते. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी मानलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच, पण कारण दिलं गैरकारभाराचं.

म्हणजे पेल्यात काय होतं, हे रसायनशास्त्राने सांगितलं. ते कोणी घातलं, हे त्याला सांगता येत नव्हतं. या व्यवसायाचा पहिला धडा हाच. बाटलीत जे आहे तेवढंच लिहायचं. साहेबांना, पोलिसांना किंवा वर्तमानपत्रांना काय हवंय ते लिहायचं नाही. एका अहवालावर माणसाची सुटका किंवा शिक्षा अवलंबून असते.

ती परंपरा आज कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत चालू आहे. पदांची नावंसुद्धा जुनीच : रासायनिक विश्लेषक, सहायक रासायनिक विश्लेषक. व्हिसेरा, दारू, अमली पदार्थ, जळिताचे अवशेष, सगळ्यात केमिस्ट्री लागते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाण्याची तरतूद आहे. राज्यांना ती पाच वर्षांत अमलात आणायची आहे. माणसं लागणारच.

तेव्हा डोंबिवलीहून कुर्ल्याला उतरून कलिना गाठणाऱ्या मुलीने, मुलाने स्वतःला उपरं समजू नये. प्रॅक्टिकलची वही नीट लिहायची, नमुन्यावरचं लेबल आणि सील दोनदा पाहायचं, आणि माहीत नाही ते ‘आढळलं’ म्हणून लिहायचं नाही. ही सवय पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच लावता येते.