वाकळ, धावदोरा आणि शिवणयंत्र

इतिहासाच्या साधनांत वाकळेची गणना करावी असें कोणी म्हटल्यास वाचकांस हसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. ताम्रपट, शिलालेख, दफ्तरें, नाणीं हीं साधनें. वाकळ ही अंथरण्याची वस्तु. परंतु २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचा महापूर ओसरल्यावर करवीर व शिरोळ तालुक्यांतील गांवांत रस्त्याकडेला भिजल्या अंथरुणांचे जे ढीग पडले, त्यांत वाकळा किती होत्या हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. २०२१ च्या जुलैंत तोच प्रकार पुन्हां घडला. त्या ढिगांबरोबर दोन-तीन पिढ्यांचें कापड गेलें. ज्या वांचल्या त्यांतील कांहीं आतां दुरुस्तीसाठीं शिवणयंत्राखालीं जात आहेत. तें यंत्र कसलें असावें व कसें चालवावें, हा प्रश्न वरकरणी गृहकृत्याचा दिसतो. परंतु तो संशोधकाचाही आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. इतरत्र जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या करवीर प्रांतांत वाकळ म्हणतात. सीमेपलीकडील कानडी मुलुखांत तिचेंच नांव कौदी. संस्कृतांत कंथा हा शब्द आहे व भर्तृहरीच्या वैराग्यशतकांतील विरक्ताच्या अंगावर तीच आहे. (पाणिनीनें उशीनर देशाच्या संदर्भांत जी कंथा सांगितली ती मात्र ग्रामनामांतील होय, तिचा चिंध्यांशीं संबंध जोडण्याचा मोह आवरावा.) वाकळ हा शब्द वल्कलापासून आला असावा असें आमचें मत आहे. वल्क पासून वाक झाला, त्याच वाटेनें वल्कलाचें वाकळ होणें ध्वनिनियमांस धरून आहे. झाडाची साल जशी थरावर थर, तशीच ही वस्तुही. असो.

वाकळेचें मुख्य द्रव्य म्हणजे जुनें लुगडें. लुगडें मध्यें विरलें कीं तेवढा भाग कापून दोन तुकडे जोडीत. ह्यास दंड घालणें म्हणतात. दंडाचें लुगडेंही टिकेनासें झालें म्हणजे तें वाकळेंत जाई. थर जुळवून कडेपासून आरंभ करून आंत मध्यापर्यंत धावदोरा फिरवीत न्यावयाचा, ही जुनी रीत. उत्तर कानड्यांतील सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी ह्याच रीतीनें शिवतात व तिच्या कोपऱ्यांस लावलेल्या त्रिकोणी तुकड्यांस फुलें म्हणतात. तीं नसतील तर वाकळ उघडी राहिली असें मानतात. वाकळ झिजली कीं तिच्यावर नवें कापड चढवून पुन्हां धावदोरा घालावयाचा. म्हणून सर्वांत आंतला थर बहुधा सर्वांत जुना, आणि सर्व थर भेदून जाणारा टांका सर्वांत अलीकडचा. पोथीवरील निरनिराळीं हस्ताक्षरें वेगळीं करणाऱ्यास हा न्याय नवा नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. टोंकाशीं नेढें असलेली सुई व खालून दुसरा दोरा देणारा धोटा ह्यांच्या योगानें दोन दोऱ्यांची पक्की टीप घालणाऱ्या यंत्राचा हक्क एलायस हौ ह्यानें अमेरिकेंत १८४६ सालीं मिळविला. सिंगरचें यंत्र १८५१ चें. हिंदुस्थानांत १८७५ च्या सुमारास नसरवानजी मेरवानजी पटेल ह्या पारशी गृहस्थांनीं सिंगरचा व्यापार हातीं घेतला. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ त सुरू झाली. कलकत्त्याच्या कारखान्यांतील 'उषा' यंत्रें १९३५ नंतरचीं. यंत्रांचे कडवे टीकाकार गांधीजी. त्यांनींही १९२४ सालीं सिंगरच्या यंत्रास अपवाद मानलें होतें, हें येथें आठवतें.

ह्यावरून एक उपयुक्त कसोटी हातीं लागते. धावदोऱ्यांत एकच दोरा कापडाच्या वरखालीं जातो; यंत्राच्या टिपेंत दोन दोरे कापडाच्या पोटांत एकमेकांस अडकतात. भिंगाखालीं हा भेद लपत नाहीं. आंतल्या थरांतील दंड दोन दोऱ्यांच्या टिपेचा असेल, तर तो दंड १८७५ च्या मागें नेणें आमच्या प्रांतापुरतें तरी धाडसाचें होईल. उलट अनुमान मात्र करूं नये: हातशिलाई दिसली म्हणून वस्तु जुनी ठरत नाहीं.

ही कसोटी आम्हांस सुचली ती स्वतःच्या चुकीमुळें. आमच्या मातोश्रींची एक वाकळ पुरांत भिजली व वाळल्यावर तिच्या कडा सुटल्या. आम्हीं ती एका शिंप्याकडे दिली. त्यानें सदऱ्यास घालतात तशी, इंचास बारा टांक्यांची टीप सबंध वाकळेवर मारली. महिन्याभरांत विरलेलें कापड टिपेच्या रेषेवर, टपालाचीं तिकिटें फाटावींत तसें, फाटूं लागलें. शिवाय यंत्राचे दाते खालचें कापड पुढें ओढतात व वरचें मागें राहतें. त्यामुळें मध्यें फुगवटे आले. दोष त्या कारागिराचा नव्हे. जाड वस्तूस पातळ वस्तूचा नियम लावूं दिला तो आम्हींच.

ती टीप उसवण्यांत आमचे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत वाकळ वाचावयास मिळाली. वरचा थर मातोश्रींच्या पातळांचा. त्याखालीं आजीची काळी चंद्रकळा. तिचा दंड यंत्राच्या टिपेचा. तिच्याखालीं जाड, हाताला खरखरीत लागणारें एक लुगडें होतें व त्याचा दंड हातानें घातलेला. चंद्रकळेचा दंड गांवच्या बाजारांत बसणाऱ्या शिंप्यानें हाताच्या मशीनवर घातला, असें मातोश्री सांगत. म्हणजे ह्या दोन लुगड्यांच्या दरम्यान आमच्या घरीं शिवणयंत्र पोंचलें. एका घराचा पुरावा तो, त्यावरून प्रांताचा सिद्धांत काढतां येणार नाहीं. परंतु कोणत्याही कागदांत हें आम्हांस सांपडलें नसतें.

आतां ज्यांस वाकळ यंत्रावर शिवणेंच भाग आहे त्यांच्यासाठीं चार शब्द. सरळ टिपेचें, बिडाच्या अंगाचें, पायानें चालणारें जुनें यंत्र घ्यावें. हातानें फिरवावयाच्या यंत्रांत एक हात चाकावर गुंततो आणि वाकळेस दोन्ही हात लागतात. विजेच्या यंत्राचा वेग जाड सांध्यावर आवरत नाहीं; तेथें चाक हातानेंच फिरवावें. विकत घेण्यापूर्वीं दुकानांत पातळ चिंधीवर टीप पाहूं नये. घरून चार पदरी जुनें कापड न्यावें व दाबाचा पाय त्यावर नीट बसतो कीं नाहीं तें पाहावें. सुई सोळा किंवा अठरा नंबरची, दोरा सुती, टांका यंत्र देईल तितका लांब. वरचें कापडही बरोबरीनें ओढणारा पाय मिळतो, तो अवश्य बसवावा. सुई व खांब ह्यांमधील जागा जेमतेम सहा-सात इंच असते. म्हणून वाकळ गुंडाळून त्यांतून घ्यावी लागते आणि गुंडाळी जाड झाली कीं मध्यभाग तिरका जातो. शेजारीं दुसरें टेबल ठेवून वाकळेचा भार त्यावर सोडावा, नाहीं तर लोंबत्या वजनानें सुई वांकते व मोडते.

आमचा कल विचाराल तर यंत्र नव्या पट्टीच्या कडेपुरतें वापरावें व पोटांतील शिवण धावदोऱ्यानेंच करावी. धावदोरा उसवतां येतो, कापड कापीत नाहीं आणि पुढच्या थरास वाट मोकळी ठेवतो. कोणतीही टीप घालण्यापूर्वीं एक कोपरा उसवून थर मोजावेत, दंड तपासावेत व तें वहींत टिपून ठेवावें.

आमची वाकळ आम्हीं पुन्हां हातानें शिवून घेतली. कडेस मात्र नवी पट्टी यंत्रानें लाविली आहे, व पट्टीच्या आंतल्या बाजूस सालाचा आंकडा शाईनें घातला आहे. करवीर, पन्हाळा, कागल व शिरोळ ह्या भागांतील ज्या वाचकांच्या घरीं जुन्या वाकळा असतील त्यांनीं आंतील दंड हाताचा कीं यंत्राचा एवढेंच पाहून कळविल्यास त्याची यादी आम्ही करूं लागलों आहों.